माण, खटाव, जतच्या शाळांत लोहयुक्त बाजरी: परदेशी विद्यापीठाबरोबरच्या अभ्यासाचा आराखडा तपासून हवा आहे

माणदेशी

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातले माण, खटाव आणि सांगलीतला जत अशा तीन तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये एक अभ्यास करायचा प्रस्ताव आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून चार दिवस तांदळाच्या जागी 'धनशक्ती' या जास्त लोहाच्या वाणाची बाजरी द्यायची आणि मुलांच्या रक्तात काय फरक पडतो ते पाहायचं. भागीदार तीन: इंग्लंडमधलं एक विद्यापीठ, इथलं एक वैद्यकीय महाविद्यालय आणि एक स्थानिक संस्था.

विद्यापीठाकडून आलेला आराखडा थोडक्यात असा. २४ शाळा, त्यातल्या १२ बाजरीच्या आणि १२ नेहमीच्या भाताच्या. इयत्ता तिसरी ते सातवी. जूनअखेर आणि एप्रिलमध्ये बोटाला टोचून हिमोग्लोबिन. मुख्य निष्कर्ष हिमोग्लोबिनवरच काढायचा. काही नमुने पुढच्या तपासण्यांसाठी तिकडे न्यायचे.

विचारायचं आहे ते हे. शाळेच्या स्वयंपाकघरात बाजरी खरंच शिजेल का, आणि कोणत्या रूपात? २४ शाळा पुरतील का? परवानग्या कोणत्या क्रमाने? आणि कागदावर आम्हाला न दिसलेलं काय सुटतंय? सांभाळून घेऊ नका, स्पष्ट सांगा.

चुलीपाशी

सुटलेली सर्वांत मोठी गोष्ट आधी सांगते. तुमच्या भाताच्या १२ शाळांत साधा भात नाहीच. योजनेचा तांदूळ आता फोर्टिफाइड येतो: १०० किलो तांदळात १ किलो पोषक दाणे मिसळलेले. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) निकषाप्रमाणे त्यात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, शिवाय फॉलिक आम्ल आणि बी-१२ असतं. म्हणजे मुलाच्या ताटातला ६० ग्रॅम तांदूळ काढलात की १.७ ते २.५ मिलिग्रॅम लोहही गेलं. त्या जागी ६० ग्रॅम धनशक्ती, किलोला ७५ मिलिग्रॅम धरली, तर ४.५ मिलिग्रॅम आलं. निव्वळ वाढ दोन ते पावणेतीन मिलिग्रॅम. चार दिवसांची मिळून आठवड्याला ८ ते ११. आणि लोहाच्या साप्ताहिक गोळ्यांत ५ ते १० वर्षांच्या मुलांची गुलाबी गोळी एकटीच ४५ मिलिग्रॅमची असते. साधी बाजरी (किलोला ४०-५० मिलिग्रॅम) दिलीत तर फोर्टिफाइड तांदळापेक्षा जेमतेम जास्त लोह, आणि बी-१२ मात्र कमी. हा हिशेब आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा.

आता शिजवण्याचं. भाकरी डोक्यातून काढा. नियमाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० पर्यंत दोन. ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी थापून भाजायला दोन मिनिटं धरली, तरी १०० भाकऱ्यांना सव्वातीन तास एक बाई तव्यासमोरून हलणार नाही. आमटी कोण करणार, भाजी कोण चिरणार? त्या बायकांच्या मानधनात हे जास्तीचं काम बसत नाही. 'गावच्या बायका करतील हौसेने' असं कुणी म्हणत असेल तर त्यांना एकदा चुलीपाशी बसवा.

चालतो तो भरडा. ५० मुलांसाठी (पहिली ते पाचवीच्या मापाने: धान्य १००, डाळ २०, भाजी ५०, तेल ५ ग्रॅम) बाजरीचा भरडा ३ किलो, तांदूळ २ किलो, मूगडाळ १ किलो, भाज्या अडीच किलो, तेल २५० ग्रॅम. भरडा पाखडून कोंडा काढायचा, तासभर तरी भिजवायचा. फोडणी करून पाणी उकळलं की आधी भरडा आणि डाळ टाकायची, २५-३० मिनिटांनी तांदूळ. सगळं एकदम टाकलं की तांदळाचा लगदा होतो आणि बाजरी दाताखाली कचकचते. मुलं पहिल्या दिवशी तोंड फिरवतात ती याच कारणाने, चवीमुळे नाही. पाणी भरड्याला साडेचार पट, तांदळाला अडीच पट, एकूण १८ ते १९ लिटर. शिवाय दोन-तीन लिटर गरम पाणी बाजूला ठेवायचं, कारण ही खिचडी पंगत बसेपर्यंत घट्ट होते. सहावी ते आठवीसाठी सगळं दीडपट.

भरडा महिन्याचा एकदम दळून ठेवू नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळली की आठवड्याभरात कडसर वास धरते. दर चार-पाच दिवसांनी गावातल्या चक्कीवर दळायचं, धान्य मात्र आख्खं साठवायचं.

कर्नाटकात इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि शाळांना जेवण पुरवणारी अक्षय पात्र संस्था यांचा प्रयोग झाला होता. सुमारे दीड हजार मुलं, तीन महिने, भरडधान्यांची इडली, उपमा, खिचडी, बिसी बेळे भात. मुलांना आवडलं, वाढीचे आकडेही बरे आले. पण तिथे मध्यवर्ती यांत्रिक स्वयंपाकघर होतं. लोधवड्याच्या किंवा संखच्या शाळेतल्या दोन बायका आणि एक गॅसशेगडी यांच्याशी त्याची तुलना नको.

बाजरी उष्ण पडते म्हणून मार्चनंतर पालक ओरडतील, तेही धरून चला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत कुणी हरकत घेत नाही.

प्रयोगशाळा मिरज

ताईंचा हिशेब बरोबर आहे आणि त्यावरूनच पुढचा प्रश्न येतो: इतक्या कमी वाढीने हिमोग्लोबिन हलेल का? बहुतेक नाही.

याचा सर्वांत जवळचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात कॉर्नेल विद्यापीठ आणि मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर सहा महिने चाचणी घेतली, निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजरी किलोला ८६ मिलिग्रॅम लोहाची, तुलनेला साधी बाजरी. चार महिन्यांत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) आणि शरीरातलं एकूण लोह वाढलं. ज्यांना सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी धनशक्ती खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याचं प्रमाण १.६४ पट होतं. हिमोग्लोबिनमध्ये दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. आणि ती निवासी शाळेतली मुलं होती, दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा भाकरी. तुमच्याकडे एकच जेवण, तेही चार दिवस. तेव्हा मुख्य निष्कर्ष फेरिटिनवर घ्या, हिमोग्लोबिन दुय्यम ठेवा. हिमोग्लोबिन मुख्य ठेवलंत तर दोन वर्षांनी 'बाजरीचा उपयोग नाही' असा मथळा छापून येईल आणि तो चुकीचा असेल.

बोटाचं रक्त घेऊ नका. थेंब यावा म्हणून बोट दाबलं की पेशींच्या आजूबाजूचा द्रव रक्तात मिसळतो. पहिला थेंब पुसला नाही, क्युव्हेटमध्ये (थेंब घ्यायच्या चिमुकल्या पट्टीत) बुडबुडा राहिला, क्युव्हेटचा डबा उघडा राहून दमट झाला, प्रत्येकाने आकडा वेगवेगळ्या दिशेला सरकतो. देशपातळीवर याचा अंदाज घ्यायचा तर पाच वर्षांखालच्या मुलांतलं रक्तक्षयाचं प्रमाण बघा: २०१६-१८ च्या सीएनएनएस या मुलांच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेच्या रक्तावर ४१ टक्के, तर बोटाच्या रक्तावर चालणाऱ्या एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या) चौथ्या फेरीत ५८.६ आणि पाचव्या फेरीत ६७.१. सगळा फरक पद्धतीचाच असं म्हणणार नाही, पण मोठा वाटा तिचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही शिरेचं रक्त आणि स्वयंचलित यंत्र हेच सुचवतात.

दोन नळ्या. जांभळ्या टोपणाची २ मिली, सीबीसीसाठी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी). दुसरी सीरमसाठी ३ मिली: फेरिटिन, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी), बी-१२. सीरमची नळी अर्धा-एक तास उभी ठेवून गोठू द्या आणि रक्त काढल्यापासून दोन तासांत फिरवून सीरम वेगळं करा. मिरजेपर्यंत आणून फिरवू म्हणाल तर जतच्या पूर्व भागातून ते दोन तासांत बसत नाही. सेंट्रीफ्यूज प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथल्या विजेची वेळ आधी विचारून घ्या. नळी थेट बर्फाला टेकवू नका, मध्ये पुठ्ठा किंवा कापड हवं, नाहीतर पेशी फुटतात आणि तो नमुना वाया.

सीआरपी न करता फेरिटिन करणं म्हणजे पैसे पाण्यात. सर्दी-ताप असला की फेरिटिन आपोआप चढतं. पाच वर्षांवरच्यांसाठी कमतरतेची रेषा १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, पण अंगात दाह असेल तर ७०. ज्या मुलाला गेल्या आठवड्यात ताप होता त्याची नोंद वेगळी ठेवा.

बी-१२ का, तर रक्तक्षय म्हणजे फक्त लोह नव्हे. सीएनएनएसमध्ये ५ ते ९ वयाच्या १७ टक्के आणि किशोरवयीन ३१ टक्के मुलांत बी-१२ कमी आढळलं होतं. पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासाने, ज्यात इंग्लंडचं साउदॅम्प्टन विद्यापीठ भागीदार आहे, हीच गोष्ट मातांमध्ये दाखवली. बाजरीत बी-१२ शून्य. ते दूध, अंडी, मांस-मासे किंवा फोर्टिफाइड तांदूळ यांतूनच यायचं. मूल बी-१२ कमी असल्यामुळे फिकट असेल तर कितीही लोह घाला, उपयोग नाही.

आणि उंची. मुलांची नव्हे, गावाची. २०२४ च्या तत्त्वांप्रमाणे समुद्रसपाटीपासून ५०० ते ९९९ मीटरवर हिमोग्लोबिनच्या रेषेत ०.४ ग्रॅमची वाढ धरायची, १००० ते १४९९ मध्ये ०.८. पूर्वी १००० मीटरखाली काहीच धरत नसत. सांगली साडेपाचशेच्या आसपास, सातारा सातशेच्या वर. म्हणजे ५ ते ११ वयाची ११.५ ची रेषा इथे ११.९ होते. ११.७ चं मूल एका पद्धतीने निरोगी, दुसऱ्या पद्धतीने रक्तक्षयी. कोणती पद्धत वापरणार ते अभ्यासाच्या नोंदणीच्या वेळीच लिहून टाका. निकाल बघून ठरवलंत तर कुणीही बोट ठेवेल.

८ च्या खाली हिमोग्लोबिन निघालं तर त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं. अभ्यास संपेपर्यंत थांबायचं नाही. अशा मुलांचे आकडे विश्लेषणात मात्र ठेवायचे.

नमुनानिवड

२४ शाळा पुरणार नाहीत. का, ते आकड्यातच सांगतो.

एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच गाव, तोच आड, तेच पातेलं. म्हणून चिठ्ठी मुलांची काढायची नाही, शाळेची. (मुलांची काढताच येणार नाही. एका पंगतीत दोन प्रकारचं अन्न वाढणं चालणारच नाही आणि वाढूही नये.) त्या सारखेपणाची किंमत मोजावी लागते.

समजा हिमोग्लोबिनमधला ०.३ ग्रॅमचा फरक पकडायचा आहे, प्रमाण विचलन (मुलामुलांतल्या आकड्यांचा पसारा) १.२. साध्या सूत्राने ८० टक्के क्षमतेसाठी (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता) गटाला २५१ मुलं. शाळांतर्गत सहसंबंध (एका शाळेतल्या मुलांच्या सारखेपणाचं माप) ०.०५ धरला आणि शाळेमागे ४० मुलं घेतली, तर गुणक १ + ३९ × ०.०५ = २.९५. म्हणजे ७४०. पाचवा हिस्सा मुलं मध्येच गळणार, म्हणून ९२५. चाळीसने भागा: गटाला २४ शाळा, दोन्ही मिळून ४८.

आता माण-जतमध्ये तिसरी ते सातवीची ४० मुलं किती शाळांत सापडतात? वस्तीशाळांत तर सगळे वर्ग मिळून वीस. शाळेमागे २० घेतली तर गुणक १.९५, गटाला ४९० मुलं, गळती धरून ६१२, म्हणजे ३१ शाळा. एकूण शाळा ४८ वरून ६२ वर गेल्या, पण रक्त काढायची मुलं १,८५० वरून साधारण १,२२५ वर आली. रक्ताची तपासणी महाग, गाडीचं डिझेल त्यामानाने स्वस्त. लहान शाळा आणि जास्त शाळा हेच परवडतं. फेरिटिन मुख्य केलंत तर हे गणित त्याच्या विचलनावर पुन्हा करा. फेरिटिनचे आकडे एका बाजूला ओढलेले असतात, त्यांचं लॉग घेऊन मगच सूत्रात घाला.

चिठ्ठी काढताना तालुका आणि शाळेचा आकार यांचे थर पाडा. नाहीतर सगळ्या मोठ्या शाळा एका बाजूला जातात.

गळती मी २० टक्के धरली ती कमीच असेल, कारण तुमचं वेळापत्रक. ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि पोरं बरोबर जातात. जूनमध्ये मोजलेलं मूल एप्रिलमध्ये सापडत नाही, आणि जाणारी कुटुंबं सर्वांत गरीब असल्यामुळे उरलेल्या मुलांचा आकडा आपोआप चांगला दिसतो. शिवाय जूनमध्ये नवी बाजरी असतेच कुठे? खरिपाची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा पहिलं रक्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, दुसरं मार्चच्या उत्तरार्धात घ्या. चार महिने. नगरच्या चाचणीतही फेरिटिनचा फरक चार महिन्यांत दिसला होता. एप्रिलपर्यंत ताणू नका: सकाळच्या शाळा सुरू झाल्या की जेवणाची वेळ बदलते, घरून खाऊन येणं-न येणं बदलतं.

जंतनाशकाचा दिवस १० फेब्रुवारीला मध्येच येतो. येऊ दे. दोन्ही गटांना एकाच दिवशी ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते, फक्त कुणी घेतली याची यादी ठेवा. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. काही शाळांत त्या नियमाने वाटतात, काही शाळांत खोके कपाटातच राहतात. ही नोंद नसेल तर सगळा फरक गोळ्यांचा की बाजरीचा, सांगता येणार नाही.

माणदेशी

मोठे आभार. वेळापत्रकाचा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मूल प्रत्यक्षात किती खातं याची नोंद कशी ठेवायची? विद्यापीठाचं म्हणणं, एमडीएम (मध्यान्ह भोजन) पोर्टलवरचे रोजचे आकडे वापरू. आणि परवानग्यांचं अजून कुणी बोललं नाही.

चुलीपाशी

पोर्टलवर लाभार्थी संख्या आणि त्यावरून निघणारं धान्य दिसतं. ताटात काय पडलं ते दिसत नाही. वजन करा.

प्रत्येक शाळेला ३० किलोचा एक इलेक्ट्रॉनिक काटा, बॅटरीवर चालणारा आणि वैधमापनाचा शिक्का असलेला. रिकाम्या पातेल्याचं वजन पातेल्यावरच ऑइलपेंटने लिहून ठेवा, म्हणजे रोज मोकळं करून तोलायला नको. कच्चं धान्य तोला, शिजल्यावर भरलेलं पातेलं तोला, पंगत उठल्यावर उरलेलं तोला. वाढायला सगळीकडे एकच मापाचा डाव द्या. एकाच बाईला दहा वेळा वाढायला लावून सरासरी काढा. डाव सारखा असला तरी हात सारखा नसतो, म्हणून दर महिन्याला हे परत.

ताटात टाकलेलं अन्न मुलागणिक तोलणं रोज जमत नाही. दोन बादल्या: एक तिसरी-चौथी-पाचवीची, एक सहावी-सातवीची. पंगतीनंतर बादली तोलायची, जेवलेल्यांच्या संख्येने भागायचं. महिन्यातून दोन दिवस, आधी न सांगता, दहा-दहा मुलांची ताटं वेगळी तोलायची. सांगून गेलात तर त्या दिवशी खिचडी हमखास चांगली होते.

मुलांचा वर्गही बघा. मोठ्या मुली कमी वाढून घेतात, धाकटी दुसऱ्यांदा मागायला उठत नाहीत. सरासरीत दोन्ही लपतात. म्हसवडचा रथोत्सव, पुसेगावची सेवागिरी यात्रा या दिवसांत हजेरी कोसळते, ते दिवस गाळायचे नाहीत, नोंदवायचे. तिथी भोजनाला कुणी पुरी-शिरा घातला तर तेही.

पेरू, लिंबू असं काही 'लोह चांगलं पचावं' म्हणून बाजरीच्या शाळांना द्यायचा मोह होईल. पेरूच्या ३० ग्रॅमच्या फोडीत साठेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, लोहाचं शोषण त्याने खरंच वाढतं. म्हणूनच द्यायचा तर दोन्ही गटांना द्या, नाहीतर कुणालाच नको.

तांदळाबद्दल एक. पोषक दाणे पाण्यावर तरंगतात, रंगही जरा वेगळा दिसतो, आणि 'प्लास्टिकचा तांदूळ आलाय' म्हणून बायका ते निवडून टाकतात. तुलनेच्या शाळांत हे होत असेल तर तुमचा तुलनेचा गट शाळेगणिक वेगळा. पहिल्या आठवड्यातच प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन दाणे दाखवा, समजावून सांगा.

शिक्का आणि सही

परवानग्यांचं मी सांगतो.

सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीपासून. समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे आहे ना, बघून घ्या. इंग्लंडच्या विद्यापीठाची स्वतःची समिती वेगळी. तिच्या मंजुरीने इथली मंजुरी मिळाली असं होत नाही. मग आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती, जिला एचएमएससी म्हणतात. आरोग्य संशोधनात परदेशी पैसा किंवा भागीदारी आली की हा टप्पा चुकत नाही. त्यानंतर सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीवर अभ्यासाची नोंदणी, पहिल्या मुलाची संमती घेण्याच्या आधी. नंतर केलेली नोंदणी चांगल्या नियतकालिकांत चालत नाही.

शिक्षण खात्याची बाजू समांतर सुरू करा. राज्य पातळीवर पुण्यातलं प्राथमिक शिक्षण संचालनालय, कारण तुम्ही योजनेचं धान्य बदलताय. तांदूळ न बदलता बाजरी जास्तीची देणार असाल तर हे खूप सोपं जातं, आणि वर ताईंनी सांगितलेलं लोहाचं गणितही सुटतं. मग दोन्ही जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी, वेगवेगळे अर्ज. साताऱ्याचं पत्र सांगलीत चालत नाही. शेवटी प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव.

पैसा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेली रक्कम एक संस्था दुसऱ्या संस्थेला वर्ग करू शकत नाही. महाविद्यालयाच्या ट्रस्टकडे पैसे घेऊन तुमच्या संस्थेला पुढे देऊ असं कुणी ठरवलं असेल तर तो करार आत्ताच थांबवा. तुमच्या संस्थेची स्वतःची एफसीआरए नोंदणी नसेल, तर कर्मचारी थेट महाविद्यालयाच्या पगारपत्रकावर घेणं हा सरळ रस्ता.

संमती. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाचा लेखी. अर्ज दप्तरातून घरी पाठवू नका, परत येताना सही मुलाच्याच हातची असते. आणि संमती मुख्याध्यापकांनी घ्यायची नाही. गुरुजींना 'नको' म्हणणारा पालक गावात विरळा, मग ती संमती कसली? महाविद्यालयाचं माणूस संध्याकाळी सातनंतर, पालक रानातून आल्यावर भेटलं पाहिजे.

नमुने परदेशी नेण्याचं कारण विचारा. फेरिटिन, सीआरपी, बी-१२ तिन्ही इथे होतात. इथे न होणारी तपासणी असेल तर तिचं नाव, नमुन्याचं प्रमाण, उरलेलं नष्ट कधी करणार, हे सगळं साहित्य-हस्तांतरण करारात आणि संमतीपत्रात. 'भविष्यातील संशोधनासाठी' एवढ्या मोघम वाक्यावर सही देऊ नका. मुलांची नावं आणि संकेतांक जोडणारी यादी इथल्याच कुलपात राहील, तिकडे फक्त संकेतांक.

स्कूल मील्स कोअलिशन या शालेय जेवणासाठीच्या देशांच्या आघाडीचा लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये एक संशोधन संघ आहे. तुमचे भागीदार त्याच्याशी जोडलेले असतील तर खर्चाचे आकडे पहिल्या दिवसापासून वेगळे लिहा: धान्य, दळण, वाहतूक, स्वयंपाक्यांचे जास्तीचे तास. सरकारला शेवटी 'ताटामागे किती' हेच हवं असतं.

जत पूर्व

संमतीपत्र कन्नडमध्येही छापा. जतच्या सीमेवर जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या आयांना मराठी कागद वाचून दाखवलेला नीतिमत्ता समितीला चालणार नाही. भाषांतर दुसऱ्याच माणसाकडून परत मराठीत करून ताडून बघा. रक्त काढणाऱ्यांत एक तरी कन्नड बोलणारी सिस्टर असू दे.

बांधावरून

बियाण्याबद्दल. धनशक्ती हे आयसीटीपी ८२०३ मधून निवडलेलं वाण, इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं काम, २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित. संकरित नाही, त्यामुळे शेतकरी घरचं बी ठेवू शकतो. पण बाजरीत परपरागीकरण होतं. शेजारी संकरित बाजरी असेल तर दोन-तीन वर्षांत वाण पातळ होतो. अभ्यासासाठी दरवर्षी नवं बियाणं घ्या आणि करार मोजक्या गावांतल्या शेतकऱ्यांशी करा, सलग पट्टा मिळेल असा.

लोहाचा आकडा पिशवीवर छापलेला धरू नका. जमीन आणि पाऊस बदलला की तोही बदलतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालातून वेगळा नमुना काढून तपासा. नमुना घेताना खळ्यावरची माती, मळणीयंत्राचा गंज यांनी आकडा फुगतो. प्रयोगशाळेला लोहाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही मोजायला सांगा. ते जास्त आलं तर तुम्ही बाजरी नाही, माती मोजताय.

गरज किती, तेही काढा. ३१ शाळा, सरासरी ५० जेवणारी मुलं (वीस अभ्यासातली, पण जेवणार सगळीच), ६० ग्रॅम, आठवड्याला चार दिवस, सोळा आठवडे: सुमारे ५,९५० किलो. कोंडा, दळणाची तूट, कीड धरून सात टन. साठा हवाबंद पिशव्यांत ठेवा. टोक्या लागला की नुसतं धान्य जात नाही, तुमचा डोस जातो.

माणदेशी

तांदूळ तसाच ठेवून बाजरी वरून द्यायची, हे पटलं. मग तुलनेच्या शाळांना काय? नुसता भात दिला तर त्यांना ६० ग्रॅम अन्न कमी.

नमुनानिवड

त्यांना साधी स्थानिक बाजरी द्या, तेवढीच, त्याच पाककृतीने. नगरच्या चाचणीतही तुलना साध्या बाजरीशीच होती. मग दोन्हीकडे जेवण सारखं दिसतं, मुख्याध्यापकालाही कळत नाही आपल्याकडे कोणती, आणि 'त्यांच्या शाळेत चांगलं देतात' ही तक्रारही उरत नाही. किंमत एकच: किलोला ७५ आणि ४५ मधला फरक ६० ग्रॅमवर फक्त १.८ मिलिग्रॅम. म्हणजे शाळा आणखी वाढवाव्या लागतील, किंवा सुरुवातीलाच फेरिटिन कमी असलेल्या मुलांमधला निष्कर्ष मुख्य धरावा लागेल. मी दुसरं करीन. प्रश्न 'बाजरीने काय होतं' असा असेल तर मात्र ही रचना त्याचं उत्तर देणार नाही, ती फक्त वाणातला फरक सांगते. हे विद्यापीठाशी आधी बोलून घ्या.

पोती संकेतांकाने ओळखायची, आणि संकेतांक दोनच ठेवू नका, चार ठेवा. दोन असले की महिन्याभरात गावाला कळतं कुठलं काय.

चुलीपाशी

आणि चक्की. एकाच चक्कीवर दोन्ही संकेतांकांचं धान्य येणार असेल तर दळणाचे वार वेगळे ठरवा. तरीही आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी-गहू जात्यात असतोच. प्रत्येक दळणाचा पहिला किलोभर भरडा बाजूला काढायचा, तोलायचा, वहीत लिहायचा आणि पातेल्यात घालायचा नाही. सात टनांच्या हिशेबात हा किलोही धरा, चार महिन्यांत शाळेमागे पंचवीसेक किलो होतो.